मेथोट्रेक्सेटची मळमळ, आल्याचं पाचक आणि गुळवेलीचा काढा : कळव्याच्या सुमनताईंची केस

पेशंट सुमनताई, नाव बदललंय, बाकी सगळं त्यांना विचारून त्यांच्या परवानगीने लिहितेय. वय ५२, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला एका शाळेच्या ऑफिसात. दोन्ही हातांची बोटं सकाळी सुजलेली, तासभर मूठ वळायची नाही, पोळ्या लाटणं बंद पडलं, मग टेस्ट झाल्या आणि आमवात निघाला, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आधी आठवड्याला १० मिलिग्रॅम आणि मग १५. सोबत फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. माझं ठाण्याला नौपाड्यात मेडिकल आहे, त्या औषधं माझ्याकडूनच नेतात, त्यामुळे ही केस मला पहिल्यापासून माहिती आहे.

तक्रार एकच, मळमळ. रविवारी सकाळी उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या, दुपारपासून तोंडाला पाणी सुटायचं, रात्री कोरड्या ओकाऱ्या, आणि सोमवारी सकाळी कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहिलं की पोटात ढवळून यायचं. एकदा तर दिघा गाव स्टेशनलाच उतरून बसल्या होत्या. मंगळवारी दुपारपर्यंत माणूस रिकामा झालेला. आठवड्यातले दोन दिवस असे गेले तर औषध कितीही चांगलं असलं तरी माणूस कंटाळणारच ना.

आधी या औषधाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेथोट्रेक्सेट हे १९४० च्या दशकातलं औषध, मुळात कॅन्सरसाठी. ज्या टीमने या जातीची औषधं बनवली तिचं नेतृत्व आपल्याकडचे यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते, हे फार कमी लोकांना माहिती असतं. आमवातासाठी अमेरिकेत १९८८ साली मंजुरी मिळाली आणि आज जगभरात पहिलं औषध म्हणून हेच देतात, कारण ते नुसतं दुखणं दाबत नाही तर सांधे झिजणं थांबवतं. काम करतं कसं, तर शरीरात फॉलिक अ‍ॅसिडची जी साखळी असते ती अडवतं. आता फॉलिक अ‍ॅसिड सगळ्यात जास्त कुठे लागतं, तर जिथे पेशी भराभर नव्या होतात तिथे, म्हणजे तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, रक्त. म्हणून तोंड येणं, मळमळ, भूक जाणं हे सगळं त्याच्याच मागे येतं. आणि म्हणूनच सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात. २०१३ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांमध्ये मळमळ-उलटी-पोटदुखीचा त्रास सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसला, आणि लिव्हरचे आकडे वाढण्याचं प्रमाण तर त्याहून कितीतरी जास्त घटलं होतं.

तर मी त्यांना विचारलं, ताई फॉलिकची गोळी कोणत्या वारी घेता? त्या म्हणाल्या, "ती शक्तीची गोळी आहे ना, ती मी बंद केली, आधीच एवढ्या गोळ्या." इथे मला वाटतं अर्धी गोष्ट उलगडली. आपल्याकडे फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं की गरोदरपणातली ताकदीची गोळी एवढंच डोक्यात असतं, त्यामुळे बावन्नाव्या वर्षी ती कशाला हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही तर पेशंट सगळ्यात आधी तीच गोळी बंद करतो.

आता घरगुती उपायांकडे येते. सुमनताईंनी तोपर्यंत काय काय केलं होतं ते ऐका. जाऊबाईंनी सांगितलं म्हणून ओवा-सैंधव, ऑफिसातल्या मॅडमनी सांगितलं म्हणून लिंबू चोखणं, आईकडून आलेला मोरावळा, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात, आणि सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलं म्हणून रोज सकाळी गुळवेलीचा काढा, तोही बाल्कनीतल्या कुंडीतल्या वेलाचा, चांगला बोटभर लांब तीन-चार तुकडे ठेचून उकळून. काका म्हणाले पित्त शमतं, मळमळ जाते, शिवाय इम्युनिटी वाढते. सांगणारे सगळे मायेनेच सांगतात हो, त्यात वाद नाही. पण यातल्या एकालाही ताईंना कुठलं औषध चालू आहे ते माहिती नव्हतं, आणि हे सगळं चालू आहे ते डॉक्टरांना माहिती नव्हतं.

डॉक्टरांना अजून एक गोष्ट माहिती नव्हती. मळमळ सहन होत नाही म्हणून ताई अधूनमधून रविवार चुकवत होत्या. लग्न असलं की नाही घेतली, पाहुणे आले की नाही घेतली, ऑफिसात परीक्षेचं काम असलं की नाही घेतली. मग साहजिकच बोटं परत सुजली. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी सूज बघितली आणि म्हणाले, डोस पुरत नाहीये, २० करू. म्हणजे बघा, मळमळ लपवली म्हणून डोस चुकला, डोस चुकला म्हणून सूज आली, सूज आली म्हणून डोस वाढणार, आणि डोस वाढला की मळमळ अजून वाढणार. हे चक्र मी काउंटरवर इतक्या पेशंटमध्ये बघते की आता मळमळीची तक्रार आली की उपाय सांगायच्या आधी मी हेच विचारते, की गोळी खरंच घेताय का. रागावून नाही, सरळ विचारायचं. लोक सांगतात.

नशिबाने डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे रक्त तपासायला सांगितलं. या औषधावर सुरुवातीला दर महिन्याला आणि मग दोन-तीन महिन्यांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिव्हर आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघावंच लागतं. आधीच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की वाढणारा आकडा, ३१ होतं, या वेळी ११२ आलं. म्हणजे नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. त्या रिपोर्टचा फोटो घेऊन ताई थेट माझ्याकडे आल्या, डोळ्यात पाणी, "आता लिव्हर पण गेलं का माझं?"

नाही, लिव्हर गेलं नव्हतं. पण एवढं वाढलं कशाने हे बघणं गरजेचं होतं. मेथोट्रेक्सेटने एसजीपीटी वाढू शकतं हे खरं, आणि फॉलिक अ‍ॅसिड बंद असल्यावर तर जास्तच. पण काढ्याचं काय? २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी ६ पेशंटची माहिती प्रसिद्ध केली होती, कोविडच्या काळात गुळवेल घेतलेले आणि लिव्हरला सूज आलेले. आयुष मंत्रालयाने तेव्हा त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखलेली नाही असं त्यांचं म्हणणं होतं, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असते त्यामुळे घोळ होऊ शकतो. मग २०२२ मध्ये देशातल्या १३ सेंटर्समधल्या ४३ पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यातही हेच चित्र, की गुळवेलीने काही जणांमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटते, आणि ज्यांना आधीपासून ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेला आजार आहे त्यांनी जास्त सांभाळायला हवं. आता आमवात म्हणजे काय, तर ऑटोइम्यून आजारच. मेथोट्रेक्सेट देतात ते ती भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करायला. आणि इकडे इम्युनिटी वाढवायची म्हणून रोज काढा. एकाच घरात एक जण पंखा बंद करतोय आणि दुसरा चालू करतोय असा प्रकार झाला हा.

ताईंचं एसजीपीटी गुळवेलीनेच वाढलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, म्हणताच येत नाही. आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. लिव्हरवर ताण देऊ शकणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी पोटात गेल्या की आकडा वाढल्यावर गुन्हेगार कोण ते कळतच नाही, आणि मग डॉक्टर नाइलाजाने ज्या औषधाने सांधे वाचणार आहेत तेच थांबवतात. इथेही तेच झालं, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट तात्पुरतं बंद केलं. ताईंना मी तेव्हाच म्हटलं की काढ्याचं, ज्येष्ठमधाचं, चुकवलेल्या रविवारांचं सगळं एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, काही लपवू नका. त्यांनी दाखवलं. डॉक्टर ओरडतील अशी भीती होती, ते अजिबात ओरडले नाहीत, उलट म्हणाले बरं झालं सांगितलंत, डोस वाढवायची गरजच नाही मग.

ताईंनी ठाण्यातल्याच एका वैद्यांना पण विचारलं, हे मला फार आवडलं. वैद्यबाईंनी औषधाचं नाव ऐकल्याबरोबर गुळवेल बंद करायला सांगितली, ज्येष्ठमध पण नको म्हणाल्या कारण ताईंना बीपी आहे, ज्येष्ठमध रोज घेतलं की बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. मळमळीला काय दिलं तर साळीच्या लाह्यांचं पाणी आणि चिमूटभर वेलचीपूड. जाणकार वैद्य आणि जाणकार डॉक्टर यांचं अशा बाबतीत भांडण होत नाही, गोंधळ होतो तो अर्धवट ऐकीव माहितीने.

काढा बंद, गोळी बंद, तीन आठवड्यांनी एसजीपीटी ४२ आणि त्यानंतरच्या रिपोर्टला नॉर्मल. मग डॉक्टरांनी परत १० पासून सुरुवात केली. या वेळी मात्र आधी औषध घ्यायची पद्धत बदलली, मग आलं-बिलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, आपण नेमकं उलट करतो, गोळी चुकीच्या पद्धतीने घेत राहतो आणि मळमळीवर काढे शोधत बसतो.

वार बदलला, रविवार सकाळच्या जागी शनिवार रात्र, तीही जेवून. जास्त त्रासाचे तास झोपेत जातात आणि रविवार हातात राहतो, सोमवारी ट्रेन पकडताना बऱ्यापैकी ठीक. फॉलिक अ‍ॅसिड सोमवारी, न चुकता. पहिले काही शनिवार डॉक्टरांनी ऑनडॅनसेट्रॉन हे उलटी थांबवायचं औषध दिलं होतं, मेथोट्रेक्सेटच्या अर्धा तास आधी. आणि भरपूर पाणी, कारण मेथोट्रेक्सेट बाहेर पडतं ते किडनीवाटे, उलट्या-जुलाबाने शरीर कोरडं पडलं तर औषध रक्तात जास्त साठतं. म्हणून पोट साफ होऊन मळमळ जाईल या आशेने सोनामुखीचं चूर्ण घेणारे जे असतात ना, त्यांनी या औषधावर तसं करू नये, कृपा करून. मी मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त शनिवार" लिहून देते, कारण ही गोळी रोज घेतली गेली तर जीवावर बेततं, तशा घटना जगभर झालेल्या आहेत.

आता आलं. मळमळीवर ज्याच्यामागे खरोखर बऱ्यापैकी अभ्यास आहे असा स्वयंपाकघरातला पदार्थ म्हणजे आलं, बाकीचे त्याच्या बरेच मागे. आल्यातले जिंजेरॉल आणि वाळल्यावर सुंठीत तयार होणारे शोगाओल हे तिखट घटक आतड्यातल्या सेरोटोनिनच्या त्याच रिसेप्टरवर, म्हणजे मळमळीचा निरोप घेणाऱ्या जागेवर, काम करतात ज्याच्यावर ऑनडॅनसेट्रॉन करतं, अर्थात खूप सौम्यपणे, आणि पोट रिकामं व्हायलाही मदत करतात. २०१२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, केमो घेणाऱ्या ५७६ पेशंटचा, त्यात दिवसाला अर्धा, एक आणि दीड ग्रॅम आलं देऊन बघितलं. मळमळ कमी झाली, पण गंमत अशी की सगळ्यात चांगला परिणाम अर्धा आणि एक ग्रॅमला दिसला, दीडला नाही. आणि दुसरं म्हणजे त्या सगळ्यांना उलटीचं नेहमीचं औषध चालूच होतं, आलं त्याच्या जोडीला होतं, बदली नाही. शिवाय त्यांनी आलं केमोच्या तीन दिवस आधीपासून सुरू केलं होतं, ओकारी आल्यावर नाही. हे केमोचं झालं, मेथोट्रेक्सेटच्या आठवड्याच्या डोसला जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण प्रमाण आणि वेळ ठरवायला उपयोग होतो.

त्यावरून डॉक्टरांना विचारून ताईंनी ठरवलं ते असं. गुरुवारपासून रविवारपर्यंत रोज सुंठपूड, सकाळी चिमूटभर आणि संध्याकाळी चिमूटभर, दिवसाची मिळून चहाच्या चमच्याने सपाट पाव ते अर्धा चमचा, त्याच्यावर नाही. आणि रविवारी सकाळी ताज्या आल्याचं पाचक, म्हणजे किसलेल्या आल्याचा चमचाभर रस, तेवढाच लिंबाचा, सैंधव आणि थोडी साखर, एकेक घोट करत. ज्या दिवशी पाचक त्या दिवशी संध्याकाळची सुंठ नाही. सुंठ त्या जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खी आणतात आणि घरी कुटतात, आलं मार्केटमधलं सातारी. आलेपाकाच्या वड्याही त्यांनी आणल्या होत्या, पण त्यात आलं कमी आणि साखर जास्त, ट्रेनमध्ये चघळायला ठीक, उपाय म्हणून त्याच्यावर भरवसा नको. आणि हो, ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल, किंवा पित्ताशयात खडे आहेत, त्यांनी रोज आलं-सुंठ डोस लावून घ्यायच्या आधी विचारावं. चहात टाकतो तेवढ्याला कुणाची ना नाही.

पुदिना पण करून बघितला. पुदिन्याचा वास बऱ्याच जणांना बरा वाटतो, पण ताईंना आम्लपित्त आहे आणि पुदिन्याने अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल पडतं, त्यामुळे छातीत जळजळ वाढली, बंद केला. लिंबाची साल नखाने खरवडून वास घ्यायचा, हे मात्र ट्रेनमध्ये उपयोगी पडलं, पोटात काही जात नाही त्यामुळे भांडणच नाही. रविवारी खाणं म्हणजे मऊ भात, मुगाचं पातळ वरण, कोकमाचं सार, लाह्या, थोडं थोडं आणि गार किंवा कोमट, कारण गरम फोडणीच्या वासानेच ढवळतं. फोडणी त्या दिवशी त्यांचे मिस्टर देतात, किचनचं दार लावून.

एवढं करून मळमळ किती कमी झाली? ताईंच्या शब्दांत "पूर्वी दहाला नऊ होती, आता चार." पण एक गोष्ट आल्याने हलली नाही. त्यांना शुक्रवारी संध्याकाळीच मळमळायला लागायचं, गोळी घ्यायच्या आदल्या दिवशी! ती पिवळी गोळी नुसती डोळ्यासमोर आली तरी, डबा उघडला तरी. हे नाटक नाही आणि मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखंही नाही, मेथोट्रेक्सेटवर हे होतं हे डॉक्टरांना माहिती आहे, मेंदू गोळी आणि ओकारी यांची गाठ बांधून ठेवतो. घरच्यांनी यात "तू जास्तच मनावर घेतेस" म्हणणं बंद केलं पाहिजे. शेवटी डोस परत १५ वर गेल्यावर डॉक्टरांनी गोळीच्या जागी इंजेक्शन केलं, पोटाच्या कातडीखाली छोट्या सुईने, आठवड्यातून एकदाच. गोळीपेक्षा त्याने पोटाचा त्रास बऱ्याच जणांना कमी होतो आणि औषधही जास्त अंगी लागतं. मिस्टर टोचायला शिकले. शुक्रवारची मळमळ पहिल्या महिन्यात टिकली, मग हळूहळू विरली. सुंठ अजून चालू आहे, पण फक्त शनिवार-रविवार.

एक सांगायचं राहिलं आणि ते मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. औषधाने मळमळतंय म्हणून आपण ती दाबायला जातो, पण कधीकधी मळमळ हीच खूण असते. टीबीच्या गोळ्यांवर मळमळ वाढत चालली, जेवण जात नाही, लघवी गडद झाली, तर तिथे आलं पाजत बसायचं नाही, लिव्हर तपासायचं. डायबिटीसच्या मेटफॉर्मिनवर पहिल्या काही आठवड्यांत मळमळणं नेहमीचं, जेवणासोबत घेतली किंवा हळू विरघळणारी गोळी दिली की बरं वाटतं, पण त्याच्या जोडीला मेथी-कारल्याचे रस ढोसले तर साखर किती आणि कशाने उतरली तेच कळत नाही. आणि मेथोट्रेक्सेटवर ताप, कोरडा खोकला, धाप, तोंडात फोड, डोळे पिवळे, अंगावर काळेनिळे डाग यातलं काहीही दिसलं तर पुढच्या शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. सर्दी-लघवीच्या इन्फेक्शनला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा, कारण ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक याच्यासोबत धोकादायक आहेत.

सध्या सुमनताईंची सूज उतरलीय, सकाळचा ताठरपणा पंधरा मिनिटांवर आलाय, एसजीपीटी मागच्या दोन्ही रिपोर्टमध्ये नॉर्मल. परवा इंजेक्शन न्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, झोप नीट लागत नाही, अश्वगंधा घेऊ का, बहिणीला चांगला फरक पडलाय. मी म्हटलं ताई, अश्वगंधेने पण लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत आणि तुमचा आजार ऑटोइम्यून, तेव्हा अजिबात स्वतःहून नको, तपासणी पुढच्या महिन्यात आहे, कागदावर लिहून ठेवा आणि तिथे विचारा. त्यांनी पर्समधून तोच जुना कागद काढला आणि खाली लिहून घेतलं.